झेंडूचा कौल

मुलुंडच्या घरात दसऱ्याला पाटावर दोन लॅपटॉप मांडले होते. एक हर्षदचा, कालच आणलेला. दुसरा आईला, वनमालाबाईंना, निवृत्तीच्या वेळी ऑफिसने दिलेला. दोन्हींवर त्यांनी झेंडू वाहिला. “आई, भंगाराला कसलं फूल वाहतेस गं?” हर्षद हसला. व्हिडिओ बघून त्यांनी त्यात विंडोज काढून जुन्या यंत्राला झेपणारं फुकटचं लिनक्स घातलं होतं, याचा त्याला पत्ताच नव्हता. नवा उघडताच तो ओरडला, “वाट लागली! ऑनलाइन मुलाखतीची वेळ झाली आणि हा अपडेट होत बसलाय!” त्यांनी जुन्याकडे बोट दाखवलं. “हा घे. पण आधी पाया पड त्याच्या.” “आई, प्लीज!” “पड.” हर्षद हात जोडून वाकला. वनमालाबाईंनी झाकण उचललं, तसं फूल घरंगळून उजवीकडे पडलं. “उजवा कौल दिलान बघ, होकारच,” म्हणत त्यांनी बटण दाबलं. त्याचे जोडलेले हात सुटायच्या आत पडदा उजळला.