दर तीन सेकंदांना एक पायरी
हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक घरी परतले, तर लिफ्ट नेहमीसारखीच बंद. “बाबा, तिसरा मजला आता झेपायचा नाही. माझ्याकडेच राहा,” लेक म्हणाली. त्यांनी वही काढली. वजन साठ किलो, उंची नऊ मीटर, गुरुत्व दहा धरून कार्य चोपन्नशे ज्यूल. व्यायामाच्या सायकलवर डॉक्टरांनी तीस वॅटपर्यंतच मुभा दिलेली. म्हणजे तीन मिनिटांत साठ पायऱ्या, दर तीन सेकंदांना एक. “कार्य तेवढंच, शक्ती कमी,” म्हणत ते घड्याळ पाहत चढू लागले. आजवर ते झपाझप वर पोचत आणि गुडघेदुखीने मागे राहिलेल्या पत्नीला हाका मारत. आज दोघांची पावलं एकाच तालात पडत होती. “तूही मोजतेस?” “मोजायचं काय? वीस वर्षं अशीच चढतेय.” वर पोचताच लेकीने विचारलं, “बाबा, दम लागला?” “आधी आईला विचार,” ते म्हणाले.