एकट्याला पेलेल असा

“वजन किती?” विक्रेत्याने विचारलं.

“बहात्तर,” सासरे म्हणाले.

विचारलं होतं जावयाला. विक्रेत्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मान डोलावली.

“पोहता येतं?”

“येतं की! आमच्याकडे राहायला आल्यावर मीच शिकवलं.”

“याआधी कधी विंडसर्फिंग केलंय? बोर्डावर किती वेळ टिकता?”

इथे सासरे अडले. हे त्यांना माहीत नव्हतं.

“चार वेळा,” जावई म्हणाला. “तलावावर, भाड्याच्या बोर्डावर. जास्तीत जास्त सात मिनिटं.”

ती सात मिनिटं तेवढी त्याची होती. बाकी राहायला सासऱ्यांचं घर, कामाला सासऱ्यांचा खोक्यांचा कारखाना, अंगातला शर्टसुद्धा सासूबाईंच्या पसंतीचा. सहा वर्षं झाली. घरात कुणी वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. दाढ दुखतेय असं सांगून तो चार शनिवार तलावावर जाऊन आला. पाचव्या शनिवारी, म्हणजे आज सकाळी, बाहेर पडतो तर सासरे गाडी सुरू करून बसलेले. “चला जावईबापू, भाड्याच्या बोर्डावर किती दिवस काढणार?” रागाचा मागमूस नाही. सहलीला निघालेल्या पोराचा असावा तसा चेहरा.

विक्रेत्याच्या नाकाची उन्हाने सालं निघाली होती. त्याने भिंतीला टेकवलेल्या एका रुंद बोर्डावर थाप मारली. “नवशिक्याला हा. दाराएवढा आहे, सहजासहजी कलंडत नाही. वरून मऊ, पडलात तरी गुडघे फुटत नाहीत. फक्त गाडीच्या टपावर चढवायला दोघं लागतात.”

“दोघं आहोत की,” सासरे म्हणाले.

जावयाचं लक्ष कोपऱ्यातल्या पिशवीकडे होतं. पाठीवर घ्यायची लांबट पिशवी, बाजूला हवा भरायचा पंप.

“तो हवेचा,” विक्रेता म्हणाला. “गुंडाळून पिशवीत जातो. त्या मोठ्याइतका ताठ नाही, पण शिकायला चालतो. भरताना दहा मिनिटं दंड दुखतात, एवढंच. बसमधूनसुद्धा नेता येतो. एकट्याला.”

जावयाने पिशवी पाठीवर चढवली. जड होती, पण पेलली. त्याने उगीचच दारापर्यंत चार पावलं टाकली. दाराच्या काचेतून रस्ता दिसत होता, बसथांब्यावर दोन माणसं उभी होती.

“मला हा हवाय,” तो म्हणाला.

“अहो, पण घरात गाडी असताना बसने का जायचं?” सासरे हसले. “गाडी आहे, टप आहे, मी आहे.”

आता सांगायलाच हवं होतं. येताना गाडीत त्याने वाक्य मनाशी घोकून ठेवलं होतं. बाबा, मला एकट्याला जायचंय. चार शब्द. त्याने घसा खाकरला.

“बाबा, मला...”

“शिडं कोणती ते जरा दाखवता का?” सासऱ्यांनी विक्रेत्याला आत पिटाळलं आणि आवाज खाली आणला. “दाढबिढ काही नव्हती, ते मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं.”

“मग बोलला नाहीत?”

“कोणत्या तोंडाने बोलू? मी बावीस वर्षं गोदामात माल मोजायला जात होतो. दर गुरुवारी. गुरुवारी गोदाम बंद असतं.”

जावई दारापासून दोन पावलं परत आला.

“तुमच्या सासूबाईंच्या वडिलांनी मला या घरात आणलं, तेव्हा मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान होतो. कारखाना त्यांचा, घर त्यांचं. माणूस देवासारखा. एका शब्दाने कधी दुखावलं नाही.”

“मग गुरुवारी जायचात कुठे?”

“जाणार कुठे? पुलाखाली गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि बसायचं. पाच वाजले की घरी.” त्यांनी त्या मोठ्या बोर्डावरून हात फिरवला. “तुम्हाला निदान जागा तरी सुचली हो. मला कुठे जायचं तेच सुचलं नाही.”

आतून शिडाची लांब गुंडाळी खांद्यावर घेऊन विक्रेता आला. “मग? कुठला ठरला?”

सहा वर्षांत पहिल्यांदाच सासरे उत्तरासाठी जावयाच्या तोंडाकडे बघत उभे होते.

जावयाने पाठीवरची पिशवी उतरवली. पट्टे खांद्यावर रुतले होते, ती जागा थोडा वेळ हुळहुळत राहिली.

“मोठा द्या,” तो म्हणाला. आणि मग, स्वतःलाच परका वाटणाऱ्या आवाजात, “दोन द्या.”

“दोन?” सासऱ्यांचे डोळे भरून आले. “बघा! पोटचा मुलगा असता तरी त्याला सुचलं नसतं.”

विक्रेत्याने दोन लाइफ जॅकेट आणून दिली. “सैल घालू नका. पाण्यात पडलात की सैल जॅकेट वर सरकतं, गळ्याशी येतं. अंगाला घट्ट बसायला हवं.” तो शिडांची मापं काढायला वळला.

सासऱ्यांनी आपलं बाजूला ठेवून आधी जावयाला जॅकेट चढवलं. एकेक बक्कल लावलं. मग बाजूचे पट्टे दोन्ही हातांत धरून ओढले.

“श्वास घेता येतोय?”

“येतोय, बाबा.”

“मग अजून थोडं आवळता येईल,” सासरे म्हणाले, आणि त्यांनी पट्टा मुठीला गुंडाळून घेतला.