सगळ्यांत जुना कामगार

"सगळ्यांत जुना कामगार कोण? या, नारळ फोडा!" जरीचा झब्बा घातलेले नवे मालक भट्टीसमोरून ओरडले. आमच्या फौंड्रीत दसऱ्याचा नारळ सगळ्यांत जुना माणूसच फोडतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शूटिंगवाला कॅमेरा लावून उभा होता.

कुणीच हललं नाही.

मागच्याच आठवड्यात फौंड्री विकत घेताना त्यांनी आम्हा सगळ्यांचे राजीनामे घेऊन नव्यानं भरती केली होती. म्हणजे ग्रॅच्युइटी पुन्हा शून्यापासून. "मागचं विसरा, आता आपण एक कुटुंब," असं म्हणून वर पेढेही भरवले. आम्ही टकलासकट तान्ही बाळं झालो.

"साहेब, आम्ही सगळे एकाच दिवशी लागलोय," मी म्हणालो. "तुमचे मॅनेजर आमच्या आधी आले. मान त्यांचा."

मॅनेजरनं नारळ आपटला, पुन्हा आपटला. नारळ तसाच राहिला, बोट मात्र सुजलं. मालकांच्या आई पुटपुटल्या, "अपशकुन गं बाई!"

मालकांना घाम फुटला. पांढऱ्या मिशांच्या खाडेमामांकडे बोट दाखवत ते किंचाळले, "चेष्टा पुरे, मामा! तीस वर्षं इथं राबलाय तुम्ही, मला काय माहीत नाही?"

खाडेमामा शूटिंगवाल्याकडे वळले. "आवाज नीट आला का रे?"

"आला की!"

मामांनी एका फटक्यात नारळ फोडला आणि पहिला तुकडा मालकांच्या हातावर ठेवला.

"साहेब, कोर्टात येताना हाच झब्बा घाला. ओळखायला बरं पडेल."