अकरा फुल्या

मुलगी चौथ्या ओळीवर अडली. समोर बसलेल्या बाई मनात मोजू लागल्या. पाचापर्यंत थांबायचं, तेवढ्यात शब्द आला नाही तर फुली मारायची, असा नियम होता. आपल्या वर्गात बाई विसापर्यंत थांबत. आज त्यांचे पाच आकडे एका श्वासात संपले. मुलीचे ओठ हलायला लागले तेव्हा फुली मारून झाली होती.

ही शाळा त्यांची नव्हती. भागातल्या नऊही शाळांची वाचन-तपासणी एकाच दिवशी होती, आणि आपल्या पोरांना कोणी झुकतं माप देऊ नये म्हणून शिक्षकांची अदलाबदल केली होती. टेकडीवरच्या शाळेच्या बाई कालव्याकाठच्या शाळेत आणि इथले मास्तर टेकडीवर. दोन्ही शाळांत शिक्षक एकेकच, दोन्हींचा पट विशीच्या आत. यातली एक बंद होणार, अशी महिनाभर कुजबुज होती. कोणती, ते शिक्षणखात्याच्या साहेबांनी सांगितलं नव्हतं. पण त्यात सांगायचं काय? जी खाली येईल ती.

बाईंच्या डोक्यात सकाळपासून एकच हिशोब चालू होता. शाळा गेली तर त्यांची चौदा पोरं खाणीच्या रस्त्याने इथवर चालत येणार. त्या रस्त्यावर दगडाचे ट्रक वळणावरसुद्धा हॉर्न देत नाहीत. पहिलीतली दोघं तर पाणी प्यायला जातानाही एकमेकांचा हात सोडत नव्हती. आणि आत्ता या घडीला, त्याच पोरांसमोर मास्तर बसले असतील. मास्तरांना सगळे काटा म्हणत. तराजूच्या काट्यासारखा माणूस. सख्ख्या पुतण्याला त्यांनी एका मार्काने नापास केलं होतं, वहिनी वर्षभर बोलली नव्हती. परका माणूस पाहिला की बाईंच्या पोरांची दातखीळ बसायची. काटा पाच मोजेल आणि फुली मारेल. सहावा आकडा त्याला ठाऊकच नाही.

मुलगी अजून उभीच होती. पुस्तक छातीशी धरून तिने विचारलं, "बाई, मी चुकले म्हणून शाळा बंद होणार का?"

"नाही गं. जा, पुढच्याला पाठव," बाई वर न पाहता म्हणाल्या.

मग हळू वाचणाऱ्याला फुली मिळाली. एक शब्द गाळणाऱ्याला मिळाली. एकाचं वाचन चांगलं होतं, पण त्याला मध्येच खोकला आला आणि खोकल्यात पाच मोजून झाले. प्रत्येक फुलीनंतर बाईंना क्षणभर हलकं वाटायचं आणि मग खाणीचा रस्ता पुन्हा डोळ्यांसमोर यायचा. सोळा मुलांत अकरा फुल्या झाल्या. बाईंनी कागदाची घडी घातली तेव्हा त्यांच्या बोटांचा घाम त्यावर उमटला.

दुपारी चार वाजता कचेरीत सगळे कागद साहेबांच्या टेबलावर आले. मास्तर आधीच पोचले होते. बाईंना पाहून ते खुर्चीवरून उठले आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी टेबलावर आपल्या शाळेचा कागद पाहिला. तेरा बरोबर, एक फुली. ती एक फुलीही खरी होती. तो मुलगा शाळेत येऊन चारच दिवस झाले होते.

मास्तर हळू आवाजात सांगू लागले. पोरं आधी फार बिचकली होती, एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. मग मास्तरांनी आपला चष्मा नाकावर उलटा चढवला. पोरं हसली आणि हसता हसता वाचायलाच लागली. बाईंच्या तोंडाकडे पाहून मास्तरांना वाटलं, त्यांना हे पटलेलं नाही. "चष्मा उलटा घालायचा नाही, असं नियमात कुठं लिहिलंय?" ते म्हणाले.

बाई मास्तरांनी सोडलेल्या खुर्चीत बसल्या.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि टेकडीवरच्या कागदावर पेन टेकवलं. ही शाळा बंद करायची, ते म्हणाले. पोरं तयारीची आहेत, कुठंही बसवली तरी शिकतील, चार पावलं चालतील. कच्च्या पोरांच्या दारातली शाळा काढून घेतली तर वरचे आपल्यालाच फाडून खातील. कालव्याकाठची राहू दे.

बाई उठून उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"साहेब, त्या फुल्या खोट्या आहेत. मी घाबरून मारल्या. त्या मुलांना वाचता येतं."

कोपऱ्यातला कारकून हसला. साहेबांनी पेन उचललं नाही. आपली शाळा जाते म्हटल्यावर सगळ्यांना असंच काहीतरी आठवतं, असं ते म्हणाले. बाईंनी पुन्हा सांगितलं, मुलं बोलावून घ्या, आत्ता वाचायला लावा. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचच्या आत अहवाल वर जायचा होता. त्यांनी बाईंचा कागद भिंतीकडे सरकवला.

"मास्तर, वर्ग तुमचा. तुम्ही म्हणाल ते धरतो. वाचता येतं का यांना?"

मास्तरांनी कागद घेतला. फुली मारलेलं एकेक नाव ते बोट ठेवून वाचत गेले. पहिल्या नावाला ते थोडे हसलेसुद्धा, काहीतरी चूक झाली असावी तसे. तिसऱ्या नावाला हसू गेलं. अकराव्या नावावर बोट थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. कारकुनाने अहवाल वर पाठवायचं पाकीट उघडून ठेवलं. मास्तरांनी बाईंकडे एकदाही पाहिलं नाही. कागद त्यांनी परत टेबलावर ठेवला.

"नाही साहेब," ते म्हणाले. "वाचता येत नाही त्यांना."