आधी माईंची खोली

पहार सुनेच्या हातात होती आणि सासू मागच्या खोलीच्या दारात आडवी उभी.

"हात लावून तर बघ!" माई कडाडल्या. गल्ली गोळा झाली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

रेल्वे बंद होऊन वर्षं लोटली होती. रूळही उचलून नेले होते. मग गल्लीतल्या घरांनी मागच्या बाजूला हळूच हातपाय पसरले. मास्तरांची न्हाणी, शिंप्याचं गोदाम, टेम्पोवाल्याची शेड, सगळं जुन्या रुळांच्या जागेवर. माईंची खोलीही तिथेच. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने एकेक वीट स्वतः रचलेली. नवरा गेल्यापासून त्या तिथेच झोपत.

आता त्या पट्ट्यावर पायी आणि सायकलने जायचा रस्ता होत होता, थेट शाळेपर्यंत. सुनेने त्यासाठी दारोदार चपला झिजवल्या होत्या. तिची लेक हमरस्त्यावरून सायकलने शाळेत जायची आणि मध्यंतरी एका ट्रकने तिला घासून पाडलं होतं. हातावर निभावलं. तेव्हापासून पोर घरी येईपर्यंत सुनेच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि आज रस्त्याच्या इंजिनिअरने गल्लीत येऊन निर्वाणीचं सांगितलं होतं: संध्याकाळपर्यंत गल्लीमागचा पट्टा मोकळा झाला नाही, तर रस्ता गल्लीच्या अलीकडेच संपेल.

पण जिथे जावं तिथे एकच टोमणा. "आधी तुमच्या माईंना हटवा, मग आम्हाला शिकवा." माई तर महिनाभर चारचौघांत सुनेचा उद्धार करत होत्या.

"माई, आज मी ऐकणार नाही," सून म्हणाली. पहार तिने घट्ट धरली होती.

माईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "काय हो मास्तर, मी खोली पाडली तर तुम्ही न्हाणी पाडणार?"

"लगेच!" मास्तर हसले. "पण माई, तुम्ही आधी!"

"आणि शिंपीकाका, तुम्ही?"

"तुमच्या पाठोपाठ. शब्द आहे आपला!"

टेम्पोवाल्याने तर पोराबाळांची शपथ घेतली. माई कसल्या हटतायत, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

"इंजिनिअरसाहेब, ऐकलंत ना?" माईंनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली.

"दे इकडे," म्हणत माईंनी सुनेच्या हातातली पहार ओढून घेतली आणि भिंतीत घातली. एक वीट निखळली. मग दुसरी. माईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. मास्तरांचं हसू मावळलं.

"अहो माई," सून रडकुंडीला आली, "मग महिनाभर माझ्याशी भांडलात कशाला?"

माईंनी धापा टाकत कपाळावरचा घाम पुसला.

"तुझ्या बाजूने बोलले असते, तर यांतल्या एकाने तरी शब्द दिला असता का गं?"