आठवं गाणं

दुपारी तीनच्या सुमाराला सुप्रीतानं रेकॉर्डिंग करणाऱ्या हयग्रीवला खूण केली, हयग्रीवनं कानांवर हेडफोन चढवले आणि अप्पांनी पायडल मारलं. शिलाई मशीन पळू लागलं. आवाजच आला नाही.

अगदीच आला नाही असं नाही, मांजर दूध पितं तेवढा आला. हयग्रीवनं माईक पुढे सरकवला, आणखी पुढे सरकवला, आणि शेवटी सुप्रीताकडे बघून मान हलवली.

बोगादी गावातल्या घराच्या या पुढच्या खोलीत रंगराव टेलर शिवायला बसतात. सुप्रीता त्यांची मुलगी. न्यू वेव्ह बँडमध्ये कॉम्प्युटरच्या ढोलांवर पाच वर्षं गाऊन तिला वीट आला होता. आता स्वतःच्या एकटीच्या नावाचा अल्बम करायचा, तोही जुन्या रॉकच्या थाटाचा: भरदार ऑर्गन, थोडी फाटलेली गिटार, सगळं टेपवर. सात गाणी झाली होती. आठव्याला मात्र ड्रम नव्हतेच, तिथं अप्पांचं मशीन होतं. तीन टाके सरळ, चौथा लंगडा. लहानपणी कापडांच्या ढिगात ती त्याच तालावर झोपायची, आणि त्याच तालावर तिनं हे गाणं बांधलं होतं. टेप मशीन बेंगळुरूच्या एका मित्राचं. ते संध्याकाळी परत जायचं होतं.

"अप्पा, मशीनला काय केलंत?"

रंगरावांचा चेहरा खुलला. विचारायचीच खोटी, त्यांनी सगळं सांगितलं. दोन दिवस एकही गिऱ्हाईक घेतलं नव्हतं. पोरीचं रेकॉर्डिंग, लोक ऐकणार, आणि बापाचं मशीन खडखडतंय, शोभतं का? सगळं खोलून रॉकेलनं धुतलं, झिजलेला वॉशर बदलला, पट्टा नवा घातला, पोटभर तेल पाजलं. जुना पट्टा आणि वॉशर सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेले. सांगता सांगता त्यांचं लक्ष मुलीच्या तोंडाकडे गेलं आणि ते थांबले.

"अजून आवाज येतोय काय, पुट्टी?"

सुप्रीताला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. राग तर असा आला होता की सोय नाही, पण रागवायचं कुणावर? दोन दिवस तिच्यासाठी तेलात हात घालून बसलेल्या माणसावर? छान चालतंय अप्पा, असं म्हणून ती उंबऱ्यावर जाऊन बसली. ताल कॉम्प्युटरवर करून घेऊ, असं हयग्रीव हळूच म्हणाला. आठवं गाणं गेलं, हे तिनं मनाशी धरलं होतं.

रंगरावांना रिकामं बसणं कधी जमलंच नाही. त्यांनी अर्धवट राहिलेला निळा ब्लाऊज ओढला, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि बाही लावायला घेतली. ऊन खिडकीतून कापडांवर उतरलं होतं. दोऱ्याचे बारीक तंतू त्यात तरंगत होते, खाली यायचं नावच घेत नव्हते. रस्ताही झोपल्यासारखा झाला होता.

हयग्रीवनं एकदम हात वर केला. मग त्यानं हेडफोन काढून सुप्रीताच्या कानांवर ठेवले.

अप्पा गात होते. टाचण्यांमुळे तोंड मिटलेलं, शब्द एकही नाही, नुसता घशातला जाड, ऊबदार सूर. शिवण सरळ गेली की सूर लांब जायचा, वळणावर खाली यायचा, दोरा कापताना थांबायचा. बाहीच्या गोलाईवर तर असा काही हेलकावा घेतला की सुप्रीतानं डोळे मिटले. इतकी वर्षं याच खोलीत ती वाढली, आणि हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. मशीननं ऐकूच दिलं नव्हतं. त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

रंगरावांनी मान वर केली. टाचण्या तळहातावर काढून घेतल्या.

"सुरू करायचं ना? सांग, मी तयार आहे."

"अजून वेळ आहे अप्पा," सुप्रीता म्हणाली. "तोवर दुसरी बाही लावून घ्या."

त्यांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. हयग्रीवच्या पायाशी टेपची चाकं केव्हाची फिरत होती.