पहिला पाळणा

परदेशी माल आणायच्या परवान्यांची कटकट संपताच मन्मथअप्पांनी परळीच्या आपल्या फाउंड्रीत चुंबकाचं परदेशी यंत्र आणलं. पहिल्याच दिवशी तपासणीला आलेल्या आकाशपाळण्याच्या मधल्या ओतीव चाकाला ते लावून वर लोखंडाची भुकटी टाकली, तर भुकटी सरसर सरकून केसाएवढ्या एका रेघेत गोळा झाली.

"भेग! डोळ्याला न दिसणारी भेग घावली!" अप्पा नाचायलाच लागले. "पेढे आणा रे!"

पाळणेवाला रामकिसन भडकला. "उद्या नारायणगडची जत्रा हाय. माझं चाक बाद झालं अन् तुमी नाचताय कावून?"

"लोकांची भीती मोडावी म्हणून दरसाली पहिल्या पाळण्यात कुणाला बसवतोस बे?"

"माझ्या पोरीला," रामकिसन म्हणाला, आणि पेढे आणायला स्वतःच पळाला.